तुतारी, पिपाणी आणि वापरणारा माणूस

दिवाळी अंकात टीकालेख लिहायचा म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी कारीट ठेवण्यासारखे आहे. चकलीला हात घालणाऱ्याने त्याकडे का पाहावे? तरीही संपादकांनी तो आग्रहाने मागितला आणि मीही होकार दिला, मात्र एका अटीवर. या वेळी मी कोणत्याही पुस्तकावर लिहिणार नाही. पुस्तकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा अधिक शिकलेले आहेत. मी पडलो मॅट्रिकपुढे न गेलेला, बीड जिल्ह्यातल्या तलवाड्यात मुलांना शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. मला आज टीका करावयाची आहे ती माणसाच्या हाती पडणाऱ्या वस्तूंवर. पुस्तकाला टीकाकार असतो, नाटकाला असतो, गाण्यालाही असतो. मग अर्जाला, पाटीला, यंत्राला तो का नसावा? पुस्तक न वाचता माणसाचे आयुष्य निघून जाते, पण अर्ज भरल्यावाचून कोणाचेही निघत नाही.

आपल्या उंबऱ्यावरच्या पणतीपासूनच आरंभ करू. ओल्या मातीची कड कुंभार चिमटीने ओढतो आणि तिला चोच येते. त्या चोचीत वात आपोआप बसते, ज्योत तेलापासून दूर राहते आणि पणती कशी लावावी हे कोणालाही शिकवावे लागत नाही. चार वर्षांची पोरसुद्धा वात अचूक तेथेच ठेवते. यंदा आमच्या घरी बाजारातून एक सोनेरी, नक्षीची पणती आली. दिसायला फार देखणी, पण चारी बाजूंनी सारखी गोल. वात घसरून तेलात बुडू लागली. अखेर सौभाग्यवतींनी कडेला एक खडा लावला तेव्हा कोठे ती मार्गावर आली. त्या खड्याला मी टीका म्हणतो. जी वस्तू वापरण्यासाठी माणसाला स्वतःच्या पदरचा खडा लावावा लागतो, तिच्या घडवण्यात काही तरी राहून गेलेले असते.

माझा एक भाचा पुण्यात हेच काम पोटासाठी करतो. मोबाइलवर किंवा यंत्रावर बटण कोठे असावे, शब्द कोणता असावा, माणूस कोठे गोंधळेल, याचा विचार करण्याचे त्याला पगार मिळतो. या धंद्याला यूएक्स डिझाइन म्हणतात असे त्याने सांगितले. मी त्याला माझ्यापुरते ‘वापरविचार’ असे नाव दिले आहे. प्रथम मला हसूच आले. बटणाचा विचार करण्याला पगार! पण तो म्हणाला, “मामा, वापरणारा चुकला असं आम्ही म्हणतच नाही. दहा माणसं एकाच जागी ठेचकाळली, तर दोष पायांचा नसतो, उंबऱ्याचा असतो.” हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले.

त्याला कारणही तसेच होते. आमच्याकडच्या एका ग्रंथालयात माझ्या पहिल्या कादंबरीची एक प्रत आहे. एकदा ती सहज हाती घेतली आणि मिटलेल्या पानांची कड पाहिली. पहिली चाळीसेक पाने बोटांच्या मळाने काळवंडलेली आणि त्यापुढची सारी पांढरीशुभ्र! परीक्षणकारांनी त्या कादंबरीबद्दल चार बरे शब्द लिहिले होते. परंतु खरे परीक्षण त्या मळाने लिहिले होते. चाळिसाव्या पानाशी मी नायकाच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा इतिहास घातला होता आणि वाचक तेथे थांबले होते. फडके आणि खांडेकर यांनी कलेसाठी कला की जीवनासाठी कला यावर पुष्कळ शाई खर्च केली. त्या मळकट कडेने मला तिसराच प्रश्न विचारला: हे ज्याच्यासाठी केले, त्याच्या हाती ते लागले का?

वापरविचार ही आजकालची गोष्ट आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. १५५१ ते १६१५ हा दासोपंतांचा काळ. पंचीकरणासारखा अवघड विषय त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर आकृत्यांच्या आधाराने मांडला. पोथीची पाने एकामागून एक उलटावी लागतात आणि मागचे पान डोळ्यांआड होते. पासोडी उलगडली की विषय अंथरल्यासारखा समोर येतो. शास्त्र तेच, पण शिकणाऱ्याच्या डोळ्यांची सोय पाहून त्याची बैठक बदलली. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कापडापुढे मी तरी हात जोडतो.

आता स्वतंत्र भारताकडे येऊ. १९५१च्या शिरगणतीत साक्षरांचे प्रमाण शेकडा १८.३३ होते. त्याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि मतदार होते सुमारे १७ कोटी ३० लाख. ज्याला वाचता येत नाही त्याने मत कसे द्यावे? पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेने काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह: बैलजोडी, झोपडी, दिवा, झाड. मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची. अंगठा नाही, सही नाही, वाचणे नाही. त्या दालनात साक्षर आणि निरक्षर यांच्यात काडीचाही फरक उरत नसे. माझ्या मते या रचनेचे सर्वांत मोठे यश तेच आहे. वस्तू चालली एवढ्याने भागत नाही. वापरणाऱ्याला तिने लाजवले का, हेही पाहावे लागते.

परंतु त्याच निवडणुकीत एक कागद फार वाईट फसला. मतदारयाद्या तयार होताना पुष्कळ स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली. त्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. नियमाच्या बाजूने नियम बरोबर होता, कारण नाव नसलेल्या माणसाला ओळखावे कसे? पण ते नाव विचारायला कोण गेले, दारात कोण उभे होते, घरातली कोणती माणसे ऐकत होती, याचा विचार कागदात नव्हता. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायला सुद्धा उखाण्याचा आडपडदा लागत असे. ज्या समाजाने नाव घेण्यासाठी काव्य रचले, त्या समाजाला नावाचा रकाना ही साधी गोष्ट वाटली नसेल, हे आपल्याला सहज समजावे.

पुढे पेट्या जाऊन एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि तिच्यानंतर यंत्र आले. १९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. कायद्यात तरतूद नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवले. १९८८च्या अखेरीस कायदा दुरुस्त झाला आणि २००४च्या लोकसभा निवडणुकीत देशभर यंत्रावर मतदान झाले. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की या यंत्राचे रूप पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात घडले. ए. जी. राव आणि रवी पूवय्या या तेथल्या प्राध्यापकांनी ते घडवले. त्या मंडळींनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. यंत्र नवे, पण त्याचा चेहरा त्यांनी जुन्या मतपत्रिकेचाच ठेवला. नावांची उभी रांग, नावासमोर चिन्ह आणि जेथे शिक्का मारावयाचा तेथे निळे बटण. बटण दाबले की शेजारी तांबडा दिवा लागतो आणि लांब शिटी वाजते. डोळ्यांना दिवा, कानाला आवाज, बोटाला बटण. माझी चुलती, जिला आम्ही सारे काकी म्हणतो, ती कधी शाळेत गेली नाही, पण पहिल्याच खेपेला बटण दाबून आली आणि म्हणाली, “शिटी वाजली, म्हंजी माजं पोचलं.” कोणत्याही यंत्राला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नसते.

त्याच काकीने मला १३ मे २०२४ रोजी अडचणीत टाकले.

त्या दिवशी आमच्या बीड मतदारसंघात लोकसभेचे मतदान होते. उमेदवार ४१. एका यंत्रावर सोळाच रांगा मावतात, तेव्हा तीन यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली. काकी बाहेर आली ती गप्प गप्प. झाडाखाली टेकली आणि म्हणाली, “मास्तर, एक वाजविणारा मानूस व्हता, अन् एक नुसतंच वाजायचं व्हतं. तुतारी कोन्ती रं?” तिने बटण कोणते दाबले हे मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मी ओळखले. ती चुकली असेल वा नसेल, परंतु आपले मत पोचल्याची जी खात्री ती दर वेळी घेऊन येत असे, ती या वेळी तिच्याजवळ नव्हती.

वाचकहो, येथे मला कोणत्याही पक्षाची बाजू घ्यावयाची नाही. मला फक्त एका शब्दाची आणि एका चित्राची समीक्षा करावयाची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. अपक्षांसाठी मोकळ्या असलेल्या चिन्हांत पूर्वीपासून एक ‘ट्रम्पेट’ होते आणि मराठी यादीत त्याचे नाव ‘तुतारी’ असे दिलेले होते. लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला ‘पिपाणी’ म्हटले. निकाल लागले तेव्हा बीडमध्ये या ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ५० हजारांहून अधिक मते पडलेली होती, आणि तुतारीवाला विजयी उमेदवार पुढे होता तो ६,५५३ मतांनी. दिंडोरीत ट्रम्पेटला १ लाखाहून अधिक मते मिळाली, तरी तेथेही तुतारीवालाच निवडून आला. साताऱ्यात मात्र तुतारीवाला सुमारे ३३ हजार मतांनी पडला आणि ट्रम्पेटला तेथे सुमारे ३७ हजार मते होती. त्यांतली किती जाणून दिलेली आणि किती गफलतीने, हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. मत गुप्त असते आणि गुप्तच असले पाहिजे. पण गफलतीला वाट होती, एवढे म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

ही वाट कोणी ठेवली? मला कोणाच्याही हेतूवर बोट ठेवावयाचे नाही. ज्याने ‘ट्रम्पेट’ला ‘तुतारी’ म्हटले त्याने शब्दकोश पाहिला असेल, आणि शब्दकोशात ते चूक नाही. ज्याने दुसरे चिन्ह ठरवले त्यानेही माणूस काढून ते निराळे केले होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर. दोष राहिला तो असा, की ही दोन बरोबर उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून काकीसारख्या बाईला कोणी दाखवली नाहीत. प्रचार करणाऱ्यांनीही थोडी भर घातली. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नाव घोषणेला लांब पडते, म्हणून माणूस गळला आणि नुसती ‘तुतारी’ उरली. तोच शब्द मनात घोळवत मतदार आत गेला. शिवाय तुतारी हा काही साधा शब्द नव्हे. केशवसुतांनी १८९३ मध्ये त्या नावाची कविता लिहिली तेव्हापासून तो मराठी मनाच्या फार आतल्या खोलीत जाऊन बसला आहे. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत, पालखीपुढे तुतारी वाजते आणि ती वाकडी, लांब, खांद्यावरून वर जाणारी असते. ते वळण मोठे दिसले असते तर काकीने ते दुरून ओळखले असते. परंतु यंत्रावरच्या बोटभर चौकटीत माणूस, फेटा आणि तुतारी असे तिन्ही कोंबल्यावर तुतारीची झाली रेघ. आणि दुसऱ्या चौकटीत एकटे वाद्य मात्र ऐसपैस, ठळक दिसत होते.

उमेदवाराचे छायाचित्र २०१५ पासून यंत्रावर असते आणि मत दिल्यावर चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण छायाचित्र ओळखायला तो चेहरा आधी पाहिलेला असावा लागतो. आणि सात सेकंदांत आपली चूक कळली तरी तिचा उपयोग काय? दिलेले मत परत घेता येत नाही. घडवणाऱ्याने सावध करावयाचे ते हात उगारण्याआधी. नंतर सांगितले तर ती केवळ चुटपुट. निवडणूक आयोगाने याची काही दखल घेतली, हेही सांगितले पाहिजे. २०२४च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी त्या पक्षाचे चिन्ह अधिक ठळक छापण्याची मागणी आयोगाने मान्य केली. ट्रम्पेट मात्र चिन्हांच्या यादीत राहिले.

एवढी टीका केल्यावर माझ्या स्वतःच्या पाटीविषयी सांगितले नाही तर मी अप्रामाणिक ठरेन.

आमच्याकडची पुष्कळ कुटुंबे दसरा उलटला की ऊसतोडीला जातात. मुले गावात मागे राहिली तर शिकतात; आईबापांबरोबर गेली तर सहा महिने फडात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. शाळेची सूचना लिहायची वेळ आली की ती माझ्या गळ्यात पडते, कारण मी कादंबऱ्या लिहितो! एका वर्षी मी लिहिले: “ऊसतोडणीनिमित्त हंगामी स्थलांतर करू इच्छिणाऱ्या पालकांनी आपल्या पाल्यांच्या निवासव्यवस्थेसंबंधीचे विहित नमुन्यातील संमतिपत्र विहित मुदतीत सादर करावे.” एकही चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ तपासले होते. मला ते वाक्य आवडले सुद्धा होते.

चौथीतल्या एका मुलीचा बाप त्या पाटीवरून रोज ये-जा करीत असे. त्याने अक्षरे जुळवली, ‘मुदत’ आणि ‘सादर’ हे शब्द त्याला लागले आणि ही कसली तरी वसुलीची नोटीस आहे असे समजून तो पाटीपासून लांबून जाऊ लागला. एके पहाटे ते कुटुंब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले आणि मुलगीही गेली. वैशाखात परत आली तेव्हा तिला मोळी बांधता येत होती, वाढे वेचता येत होते, धाकट्या भावाला पाठीशी घेऊन भाकरी थापता येत होती. आणि भागाकार येत नव्हता. मी बापाला बोललो, “अहो, पाटी लावली होती की!” तो खाली मान घालून म्हणाला, “आमाला काय कळतंय गुरुजी, आमचंच चुकलं.” त्या वेळी मला भाच्याचे वाक्य आठवायला हवे होते, पण ते आठवले रात्री, अंथरुणावर.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो, किंवा मला तसे वाटले. पाटीवर मोठा कोयता काढला आणि खाली लिहिले, “कारखान्याला जाताय? पोरं शाळेत ठेवून जा.” भाच्याने फोनवर विचारले, “मामा, लावण्याआधी किती जणांना दाखवली?” मी म्हटले, “मराठी आहे, दाखवायची कशाला?” तो काही बोलला नाही. मग मीच ओशाळून पाटी उचलली आणि चहाच्या हॉटेलात घेऊन गेलो. पहिल्याच माणसाने कोयत्याचे चित्र पाहिले आणि विचारले, “कोणत्या मुकादमाची हाय? उचल किती देतोय?” आमच्याकडे कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी आणि मुकादम त्या जोड्या शोधीत फिरतो. शाळेत बोलावणारी माझी पाटी त्या माणसाला फडावर बोलावीत होती! माझीही तुतारी-पिपाणी झाली होती. मग कोयता पुसला. दप्तर काढले, शेजारी वाढलेले ताट काढले आणि खाली लिहिले: “तुम्ही कारखान्यावर, पोरं शाळेत. जेवण, मुक्काम इथंच. पैसे लागत नाहीत. गुरुजींना भेटा.” ती पुन्हा हॉटेलात नेली. पाच माणसांनी पाहिली आणि पाचही जणांनी बरोबर सांगितले. तेव्हा भिंतीवर लावली.

हे शिकल्यामुळेच असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून जे वादळ उठले त्यात मी पुरता हसू शकलो नाही. ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे शब्द त्या पुस्तकात दिले होते. मराठीचा गळा घोटला असे पुष्कळांना वाटले, पहिल्या दिवशी मलाही वाटले. पण माझ्या वर्गातली मुले त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. कानावर तीन आधी पडतो, हात तीन आधी लिहितो. आम्ही आजवर त्या हाताला छडी मारत आलो. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी पुन्हा पुन्हा सांगितले की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही ठेवले आहेत. मला हा मार्ग पवईच्या मंडळींच्या मार्गाशी जुळणारा वाटतो. नवे दार उघडावे, पण जुने दार लावून घेऊ नये.

असो. लेख लांबला आणि फराळ निवत असेल. टीकेचा शेवट निष्कर्षाने करण्याची रीत आहे, पण माझ्याजवळ निष्कर्षापेक्षा एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणी बँकेत असेल, कोणी कचेरीत, कोणी शाळेत. आपण सारेच कधी ना कधी दुसऱ्यासाठी एखादा कागद, एखादी पाटी, एखादी सूचना तयार करतो. ती भिंतीवर लावण्यापूर्वी घरातल्या काकीला दाखवा. ती अडली तर तिला समजावू नका. पाटी खाली घ्या.

ती मुलगी आता सातवीत आहे. यंदा दसऱ्यानंतर तिचे आईबाप गेले, ती मागे राहिली. परवा वसतिगृहात आकाशकंदील करताना तिने कागदावर स्वतः काहीतरी लिहून दाराला चिकटवले. मी विचारले, “हे काय?” म्हणाली, “धाकट्यांसाठी हाय गुरुजी. पन थांबा, आधी पहिलीच्या पोरांना दाखवून आणते.”